कोनी हात लावला?

घोडेगावहून सोनईकडे येणाऱ्या रस्त्यावर नानांचं गॅरेज होतं. त्याला पाटी नव्हती. चार पत्रे, एक लिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याचा माठ आणि मागे एक पक्की भिंत. बाकीचं गॅरेज वाऱ्याने उडून जाईल असं वाटायचं, भिंत मात्र कायमची. तिच्यावर ओळीने खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला तारेने काही ना काही लटकवलेलं. जळका प्लग, उंदराने कुरतडलेली वायर, एका खिळ्याला तर चक्क चहाचा चमचा. प्रत्येक वस्तूखाली पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर नानांच्या ठसठशीत अक्षरात तीन ओळी. पहिल्या ओळीत गाव, दुसऱ्या ओळीत गाडीत काय सापडलं ते, आणि तिसऱ्या ओळीत मालक काय म्हणाला होता ते.

"नेवासा. हवेच्या नळीत हातरुमाल. म्हनला, कंपनीतूनच आला आसंल."

"मिरजगाव. वायरिंगमंदी पानी. म्हनला, धुतली न्हाई, दव पडलं."

हा मिरजगावचा इसम म्हणजे नानांच्या जावयाचा सख्खा भाऊ. तरी सुटला नाही.

नाव मात्र कुणाचंच नाही. "नाव कशापायी?" नाना म्हणायचे. "ज्याचं हाय त्याला वळखू येतंय." गाडी दाखवायला आलेला माणूस आधी चोरून भिंतीकडे बघून घ्यायचा, आपला खिळा अजून आहे का म्हणून. शेजारच्या शिंगणापुरात चोरी करायला लोक देवाला भितात, तसे आमच्या पट्ट्यात गाडीबद्दल थाप मारायला नानांच्या भिंतीला भ्यायचे.

मी त्या भिंतीपुढे उभं राहून पोटभर हसलेला माणूस आहे. सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवतो. शनिवारी शाळा सुटली की गॅरेजवर जायचं, नानांचा चहा प्यायचा आणि पुठ्ठे मोठ्याने वाचायचे, हा माझा कार्यक्रम. नेवाशाचे हातरुमालवाले वकील माझ्या खास आवडीचे. त्यांची नक्कल मी त्यांच्यासमोर सोडून सगळीकडे केलेली आहे.

नानांची आणि माझी ओळखच मुळी माझ्या फजितीतून झाली. जुनी चारचाकी घेऊन आठवडा झाला होता आणि ती गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर बंद पडली. नाना आले. मी त्यांना इंजिनाचे चार टप्पे समजावून सांगितले. हवा आत कशी येते, दाबली कशी जाते, ठिणगी कशी पडते, धूर बाहेर कसा जातो, सगळं. फळा नव्हता म्हणून धुळीत बोटाने आकृतीही काढली. नानांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "लई ब्येस सांगितलं. आन ह्यात पेट्रोल कवा टाकायचं?"

टाकी कोरडी होती. भिंतीवर लटकवण्यासारखी वस्तू निघाली नाही म्हणून मी वाचलो.

नाना तेव्हा साठीच्या आसपास असतील. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि दिवसभर तेलात हात असूनही सदऱ्यावर डाग नाही. उजव्या खिशात फुटाणे. गाडी तपासताना एकेक फुटाणा तोंडात टाकायचे आणि जबडा हलत राहायचा. जबडा थांबला की समजायचं, दोष सापडला. मग उरलेले फुटाणे परत खिशात जायचे.

हत्यारं तशी सगळ्यांकडे असतात तीच. दोन वस्तू तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या. एक स्टीलचा पेला. तो पाण्याने भरून चालू इंजिनावर ठेवायचे आणि पाण्यावरच्या लाटा बघत बसायचे. दुसरी म्हणजे हातभर लांबीची काळी रबरी नळी. तिचं एक टोक कानात आणि दुसरं इंजिनावर फिरवायचं. ज्याच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादाने दिलेली. आम्ही नळी म्हणायचो, ते 'कान' म्हणायचे. "माजा कान आना" म्हटलं की नवीन माणूस दचकायचा.

आणि तीन प्रश्न. कवापासून? गार आसताना का तापल्यावर? आन कोनी हात लावला? तिसरा प्रश्न विचारताना ते कधीच माणसाकडे बघायचे नाहीत, इंजिनाकडे बघत विचारायचे. मला वाटायचं, ही त्यांची लकब. खरं बोलणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून ते तोंड फिरवत होते, हे मला फार उशिरा कळलं. इमामपूरच्या घाटात कळलं.

त्याचं असं झालं. माझ्या वडिलांचं, दादांचं, डायलिसिस चालू होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला जायचं, चार तास मशीनवर. दादा पोस्टातून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. दिवसाचं पाणी मोजून. सकाळी एक छोटी बाटली भरायची आणि तीच रात्रीपर्यंत पुरवायची.

एका रविवारी मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. इंजिनात हवा सोडणारी झडप घरच्या घरी साफ करा, पाच मिनिटांचं काम. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून मोठं आमंत्रण कोणतं? मी अंगणात बॉनेट उघडलं. झडप निघाली, साफही झाली. पण तिच्या मागच्या बाजूला, जिथे बोट जेमतेम पोचतं अशा ठिकाणी, एक बोटभर लांबीचा रबरी पाइप होता. तो जुना होऊन कडक झाला होता. मी ओढला आणि तो मानेपाशी चिरला.

आता व्हिडिओतल्या माणसाचा पाइप चिरला नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. मी चिरेवर झटपट चिकटणारा गोंद लावला, पाइप जागेवर बसवला, गाडी सुरू केली. गाडी सुरेख चालली. मी स्वतःला शाबासकी दिली आणि हात धुऊन जेवायला बसलो.

मंगळवारी जेऊरच्या पुढे गाडी थरथरायला लागली. वेगात ठीक. पण वेग कमी करून पाय ॲक्सिलेटरवरून काढला की सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी हलायची आणि बंद पडायची. शहराच्या हद्दीपर्यंत चारदा बंद पडली. आम्ही इतके उशिरा पोचलो की दादांना निम्माच वेळ मशीन मिळालं. निघताना डॉक्टर म्हणाले, "शुक्रवार पूर्ण झालाच पाहिजे. अंगात पाणी साठलंय. आता निम्म्यावर भागणार नाही."

बुधवारी सकाळी गाडी नानांकडे लावली.

"कवापासून?"

"कालपासून."

"गार आसताना का तापल्यावर?"

"तापल्यावर."

नाना इंजिनाकडे बघत होते. "आन कोनी हात लावला?"

मी भिंतीकडे बघितलं. हातरुमाल वाऱ्यावर हलत होता. त्याच्या शेजारी एक खिळा रिकामा होता.

"नाही," मी म्हणालो.

बुधवार गेला, गुरुवार गेला. नानांनी प्लग बदलले. एकेका सिलिंडरची वायर काढून बघितली, की कोणता आळस करतोय. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं नवी घातली. पेला ठेवून बघितला, कान लावून बघितला. गॅरेजमध्ये उभी गाडी कितीही वेळ चालू ठेवली तरी शहाण्यासारखी चालायची. नानांचा जबडा दोन दिवस थांबला नाही. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी खिसा उलटा केला, तेव्हा त्यातून नुसती सालपटं पडली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं. मी तीनदा तोंड उघडलं. एकदा चहा मागितला, एकदा हवेत उकाडा आहे म्हणालो, आणि एकदा नुसतंच मिटलं. शिवाय मनाची समजूत घातली होती, की गोंदाने चिकटवलंय म्हणजे ते काम संपलं. बिघाड दुसरीकडेच असणार. मुलांच्या उत्तरपत्रिकेत असला तर्क दिसला असता तर मी शून्य दिलं असतं.

शुक्रवारी दाट लग्नतिथी. गावातली एकही जीप मोकळी नव्हती. दादांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते आणि दोन वाक्यांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. एसटीचा प्रश्नच नव्हता. सकाळी गाडी न्यायला गेलो तर नाना पेला आणि कान पिशवीत घालून तयार. "मी येतो संगं," ते म्हणाले. "रस्त्यावर तापल्यावर काय करती ते मला बघू दे. मशीन कितीला हाय दादांचं?"

"अकराला. सव्वाअकरापर्यंत थांबतात, मग पुढच्याला देतात."

पांढरीच्या पुलापर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. घाट चढायला लागलो आणि समोर गाड्यांची रांग लागली. वर उसाची ट्रॉली कलंडली होती. दहा वाजून पाच मिनिटं.

रांग हातभर सरकायची, थांबायची. मी पाय उचलला आणि थरथर सुरू झाली. आधी आरसा, मग स्टिअरिंग, मग काचा. मागच्या सीटवर दादांचे दात एकमेकांवर आपटत होते. गाडी बंद पडली. चालू केली. पुन्हा बंद पडली.

"ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले, आणि उतरून त्यांनी बॉनेट उघडलं. "पानी हाय का?"

पाणी दादांच्या बाटलीतच होतं. दादांनी ती खिडकीतून पुढे केली. "घ्या. मोजून आहे, सांडू नका."

नानांनी पेला भरून इंजिनावर ठेवला. मी ॲक्सिलेटर दाबून धरला की पाणी शांत, सोडला की पेला नाचायचा. नानांनी कान लावला. पण आमच्या मागच्या ट्रॅक्टरवर भोंगे लावून गाणी चालली होती. नाना मागे गेले.

"बाबा, वाईच बंद कर. पेशंट हाय गाडीत."

ट्रॅक्टरवाल्याने लगेच बंद केलं. पण त्याच्या मागे ट्रक होते, ट्रकांना हॉर्न होते, आणि घाट होता. नाना परत वाकले, नळीचं टोक इंजिनावर फिरवत राहिले. मग सरळ झाले.

"काय बी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. त्यांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

दहा पस्तीस. वरून शिट्टी ऐकू आली. रांग सुटायला लागली होती. पुढची गाडी गेली, मागचे हॉर्न वाढले. एक पोलीस धावत खाली आला. "गाडी कडेला घ्या. ढकला. रस्ता मोकळा करा."

"दोन मिनिटं द्या, साहेब," नाना म्हणाले.

"दोन मिनिटं सगळेच मागतात. ढकला."

कडेला घेतली की संपलं. भरून चाललेल्या लग्नाच्या जीपा आम्हाला घेणार नव्हत्या आणि ॲम्ब्युलन्स खालच्या रांगेतून वर येणार नव्हती. मागे दादांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हॉर्नच्या गर्दीत मला तेवढाच ऐकू येत होता. आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा रिकामा खिळा होता.

नानांनी दोन्ही हात इंजिनाच्या कडेवर टेकले आणि आत बघत, माझ्याकडे अजिबात न बघता, हळूच विचारलं, "मास्तर, कोनी हात लावला व्हता का?"

"मी," मी म्हणालो.

"कुटं?"

"झडपेच्या मागे. पाइप चिरला होता. गोंद लावला."

मागच्या सीटवरून दादा म्हणाले, "बोलला एकदाचा." मग श्वास घेऊन, "अंगणात बघितलं होतं मी याला. म्हटलं, घाट संपेपर्यंत मुदत देऊ. नाहीतर मीच सांगणार होतो."

नानांनी तापलेल्या इंजिनाच्या मागे हात घातला. मनगट लोखंडाला टेकलं तसा चर्र आवाज आला, पण हात तसाच आत राहिला. पाइप बाहेर आला. गार असताना मिटलेली चीर आता तापून चिमणीच्या पिल्लासारखी आ वासून बसली होती. गॅरेजमध्ये उभी गाडी इतकी तापलीच नव्हती; इथे पाय उचलला की इंजिन त्या चिरेतून वाटेल तेवढी हवा ओढत होतं, आणि नानांनी दोन दिवस तेवढा पाइप सोडून सगळं बदललं होतं.

"आता पाइप कुठून आणायचा?" मी विचारलं.

नानांनी बाजूला ठेवलेली नळी उचलली, एकदा हातात फिरवली, खिशातला चाकू उघडला आणि तिचा बोटभर तुकडा कापला.

"नाना, उस्तादांची आहे ती."

"व्हय. त्याच मापाची हाय."

तुकडा बसला. आवळायला क्लिप नव्हती. नानांनी डाव्या खिशातून तार काढली. पुठ्ठे लटकवायची तीच तार, ती त्यांच्या खिशात कायम असायची. दोन्ही टोकांना तीन तीन वेढे दिले. "करा चालू. पाय उचला."

मी पाय उचलला. पेल्यातलं पाणी थोडं हललं आणि बसलं. त्यात आधी आभाळ दिसलं, मग वाकलेल्या नानांची टोपी.

नानांनी पेला उचलून खिडकीतून दादांना दिला. "घ्या दादा. एक थेंब सांडला न्हाई."

दादांनी घोट घेतला. "पेट्रोलचा वास येतोय."

"मोजून हाय, टाकू नका," नाना म्हणाले.

अकरा वाजून बारा मिनिटांनी आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. सिस्टर दुसऱ्या पेशंटची फाईल हातात घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली.

ते चार तास नाना आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसून काढले. नानांनी कोपऱ्यावरून फुटाणे आणले, निम्मे माझ्या हातावर घातले. मनगटावर फोड आला होता. मी बोलायचा प्रयत्न केला. "नाना, मी बुधवारीच..."

"खावा," नाना म्हणाले.

शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. "पाइपचं काय करणार?"

"गॅरेजचं काम हाय. गॅरेजमंदी जाईल," असं म्हणून त्यांनी तो खिशात घातला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेलो. जाताना चेहऱ्याची तयारी केली होती. आपणच आधी हसायचं, मोठ्याने वाचून दाखवायचं, वकिलांची माफी मागायची. रिकाम्या खिळ्याला पाइप लटकला होता. माझ्या गोंदाचा पिवळा डाग लांबूनही दिसत होता. मी पुठ्ठा वाचला.

"ग्यारेज. पाइप चिरलेला. म्हनलो, इचारलं म्हंजे बघितलंच की."

पहिल्या ओळीत सोनई नव्हतं, आणि तिसऱ्या ओळीत 'म्हनला' नव्हतं, 'म्हनलो' होतं. मी पुन्हा वाचला. नाना एका टेम्पोच्या इंजिनात डोकं घालून उभे होते. नळी आता आखूड झाली होती, त्यामुळे त्यांना नेहमीपेक्षा जास्त वाकावं लागत होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. त्यानंतर मी भिंतीवरचा एकही पुठ्ठा मोठ्याने वाचला नाही.

नानांनी गॅरेज बंद केलं त्याला आता वर्ष होईल. गुडघे वाकेनात. मिरजगावला लेकीकडे निघाले त्या दिवशी शुक्रवार होता. आम्ही नगरला जाताना गॅरेजपाशी थांबलो. दादा मागच्या सीटवर, मांडीवर बाटली. टेम्पोत सामान चढलं होतं. भिंत मोकळी झाली होती, नुसते खिळे राहिले होते. सगळं एका पोत्यात भरून भंगारात गेलं म्हणे. जावयाच्या भावाच्या गावात राहायला जायचं तर तेवढं करावंच लागलं असणार.

नाना माझ्या गाडीपाशी आले. गाडी चालूच होती. नमस्कार, निरोप, काही नाही. त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला आणि मान कलती केली. दुसऱ्या हाताने एक फुटाणा तोंडात टाकला. आत त्यांच्या कानाचा बोटभर तुकडा तारेच्या वेढ्यांसकट अजून बसलेला होता. नवा पाइप मी दोनदा आणला आणि दोन्ही वेळा घरात ठेवून दिला.

बॉनेटकडे बघत त्यांनी विचारलं, "कोनी हात लावला?"

"मी," मी म्हणालो. "रविवारी प्लग काढून साफ केले. एक बसताना वाकडा बसला होता. काढून परत बसवला."

नानांचा तळहात गाडीवर तसाच होता. मी त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो. तो थांबला नाही.